महाकालाच्या यात्रेत वेधशाळेलाही तासभर द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उज्जैन-ओंकारेश्वर सहलींच्या जाहिराती सध्या रोज वाचतो. महाकाल, हरसिद्धी, कालभैरव, मंगळनाथ सगळे त्यात असते. क्षिप्रेकाठची वेधशाळा मात्र बहुतेक वेळा गाळलेली असते.

जयपूरचा राजा सवाई जयसिंग माळव्याचा सुभेदार होता. त्याने दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथे वेधशाळा बांधल्या. पितळी यंत्रांचे आस झिजतात, केंद्र हलते आणि वेध, म्हणजे ग्रहताऱ्यांची मोजमापे, चुकतात, म्हणून यंत्रे थेट चुना-दगडात. एका ठिकाणचा वेध दुसरीकडे पडताळता यावा म्हणून गावे वेगवेगळी. त्यात उज्जैनचा मान जुनाच, कारण आपल्या ज्योतिषाची मध्यरेषा, म्हणजे रेखांश मोजण्याची शून्यरेषा, तिथूनच धरत. भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहला’त या रेषेवरची ठिकाणे सांगताना उज्जयिनीबरोबर वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीमही घेतले आहे. वाशीमचे मध्यमेश्वराचे देऊळ त्याच रेषेशी जोडले जाते.

पुढे वेधशाळेची पडझड झाली. ती सावरली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी, 1923 मध्ये. तिथले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली 1937 मध्ये शंकुयंत्र (उभ्या काठीच्या सावलीवरून सूर्याचे स्थान सांगणारे) बांधले गेले आणि 1942 पासून वेधशाळा स्वतःचे पंचांग काढू लागली. महाकालाचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी बांधले, हे आपण कौतुकाने सांगतो. आपट्यांचे नाव कुणाच्या तोंडी नसते. मथुरेची वेधशाळा तर समूळ गेली. त्या मानाने उज्जैन नशीबवान म्हणायचे, पण नशिबामागे माणसे होती.

सम्राटयंत्र म्हणजे भलेमोठे सूर्यघड्याळ. जयपूरचे 27 मीटर उंच, उज्जैनचे जेमतेम 22 फूट, म्हणजे सात मीटरही नाही. म्हणून नाक मुरडू नये, उलट लहान असल्याने ते चटकन कळते. भिंतीची सावली कमानीवरच्या खुणांवरून सरकताना डोळ्यांना दिसते. घड्याळाशी मेळ बसत नाही म्हणून लोक हसतात, पण ती स्थानिक वेळ आहे. उज्जैन प्रमाणवेळेच्या रेखांशापासून पावणेसात अंश पश्चिमेला, म्हणजे साधारण 27 मिनिटे मागे. शिवाय सूर्याच्या चालीमुळे तारखेप्रमाणे काही मिनिटे इकडेतिकडे. नाडीवलय यंत्राची, म्हणजे विषुववृत्ताला समांतर बसवलेल्या तबकडीची, गंमत आणखी वेगळी. त्याच्या उत्तरेकडच्या तोंडावर सहा महिने ऊन, दक्षिणेकडच्या तोंडावर सहा महिने. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा (यालाच संपात म्हणतात), सूर्य दोन्हींच्या अगदी कडेला. भूगोलाच्या पुस्तकातले संपात मुलांना इथे पाच मिनिटांत उमगतील.

यात्रा कंपन्यांना एवढीच विनंती की कार्यक्रमात तासभर वेधशाळेला द्यावा, आणि तोही दुपारी बारापूर्वी किंवा नंतर लगेच. सूर्यास्तानंतर बस थांबवून ‘हे जंतरमंतर’ म्हणण्यात अर्थ नाही. सावली नसली की तिथे नुसती भिंत उरते. पावसाळ्यातल्या सहलींना वगळले तरी चालेल.

आपला,
एक वाचक, नाशिक