बेळगावच्या पेपरात बेळगावचं व्यंगचित्र पाहिजे

माननीय संपादकसाहेब,

सप्रेम नमस्कार. पेपरात व्यंगचित्र येतं ते मुंबईचं नाहीतर दिल्लीचं असतं, बेळगाव खानापूर निपाणीचं काहीच नसतं, म्हणून लिहितोय. मी ड्रॉइंगचा मास्तर, पोरांना नेहमी व्यंगचित्रकार डेव्हिड लो सांगतो, आपले आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे दोघंही ज्याला मानायचे तो. १८९१ साली न्यूझीलंडच्या ड्युनेडिनला जन्मला, चित्रकला बरीचशी स्वतःच शिकला, मग ऑस्ट्रेलियात बुलेटिन साप्ताहिकात लागला, तिथल्या पंतप्रधान ह्यूजना चित्रांतून पार सळो की पळो करून सोडलं आणि १९१९ ला लंडन गाठलं.

बाहेरून आलेला माणूस, पण त्याने लंडनच्या बड्या लोकांना भीक म्हणून घातली नाही. १९२७ ला तिथल्या इव्हनिंग स्टँडर्ड पेपरात आला तेव्हा विषय कुठला आणि चित्र कसं हे मीच ठरवणार असं करारातच घालून घेतलं, मालक बीव्हरब्रूक (तोही कॅनडातून आलेला) उजव्या विचाराचा, लो डावीकडचा, तरी लो मालकाचंसुद्धा चित्र काढायचा आणि ते त्याच्याच पेपरात छापून यायचं. हिटलरची चित्रं जर्मनीला इतकी झोंबली की १९३७ ला ब्रिटिश मंत्री हॅलिफॅक्सनी लोला जरा सबुरीनं घ्या म्हणून सांगितलं. काही दिवस लोने हात आवरला, पण हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर परत सुरू. १९३९ च्या सप्टेंबरमधलं त्याचं चित्र बघाच, हिटलर आणि स्टालिन टोपी काढून वाकून एकमेकाला नमस्कार करतायत, तोंडानं शिव्याच देतायत, आणि दोघांच्या मधे जमिनीवर पोलंड मरून पडलाय. पुढे जर्मनीने इंग्लंड जिंकून घेतलं तर कोणाकोणाला धरायचं त्या नाझी यादीत लोचं नाव होतं.

असं चित्र काढणारी पोरं आपल्याकडे आहेत हो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर बसस्टँड काढलं होतं, कन्नड बोर्ड वाचता न येणारी आजी विचारतेय, खानापूरची कुठली रे बाळा, आणि पाच जणं पाच बसकडे बोट दाखवतायत, आजीची पिशवी मात्र कंडक्टरने आधीच आत टाकलीय. सीमाभागातलं रोजचं जगणं एका चौकटीत आलं की ते. ती मुलगी आता पुण्यात लग्नपत्रिका डिझाईन करते, इथं तिला कोण काम देणार.

माझं म्हणणं एवढंच, आठवड्यातून एकदा दोन कॉलम जागा इथल्याच पोरांना द्या, थोडं का होईना मानधन द्या, आणि नगरसेवकाचा नाहीतर जाहिरातवाल्याचा फोन आला म्हणून चित्र मागे घेऊ नका, मग ते आपल्या मराठी पुढाऱ्यांवर असलं तरी. पहिली पाच सहा चित्रं मी पोरांकडून गोळा करून ऑफिसला आणून देतो, कधी येऊ ते कळवा.

आपला,
एक ड्रॉइंग मास्तर, खानापूर