प्रत्येक वेळी नुसतेच ‘मिसळा’ नको

महोदय,

आपल्या पुरवणीत केक, मफिन, पाय (पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) यांच्या इंग्रजीवरून घेतलेल्या पाककृती येतात. साहित्य आणि प्रमाण बहुधा बिनचूक असते, घोटाळा होतो तो कृतीत. मूळ कृतीतल्या मिक्स, बीट, क्रीम, व्हिप, फोल्ड, कंबाइन, रब इन या साऱ्यांचे मराठीत एकच होते : ‘मिसळा’. फार तर ‘एकजीव करा’. हाताने काय करायचे आणि कुठे थांबायचे, हे त्या मूळ शब्दांतच सांगितलेले असते. तेच गळले की पदार्थ बिघडतो आणि खापर मात्र ओव्हनवर फुटते.

सर्वांत जास्त नुकसान ‘जस्ट कंबाइन्ड’ या दोन शब्दांच्या भाषांतराने होते. मफिन आणि पॅनकेकच्या कृतींत ते हमखास असतात. कोरडे पीठ दिसेनासे झाले की हात थांबवा, एवढाच त्यांचा अर्थ. दहा-पंधरा वेळा पळी फिरली की पुरे. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात, भाजताना त्या विरतात. याचे मराठी ‘चांगले एकजीव करून घ्या’ असे छापले जाते, म्हणजे नेमके उलटे. मैद्याला ओल लागल्यावर तो जितका घोटावा तितके ग्लुटेनचे, म्हणजे त्यातल्या चिकट प्रथिनाचे, जाळे चिवट होत जाते. पोळीच्या कणकेला ते हवेच असते, म्हणून तर आपण ती मळतो, तिंबतो. मफिनला ते मारक. घोटलेल्या पिठाचा मफिन वर टोकदार फुगतो, कापल्यावर आत उभी लांबट भोके दिसतात आणि खाताना तो वातड लागतो. बिनअंड्याच्या केकला तर दुहेरी फटका बसतो. दही किंवा ताक सोड्याला भेटताच वायू सुटू लागतो आणि घोटत बसल्यास तो भांड्यातच निघून जातो. म्हणून ओव्हन १८० अंशांवर आधी तापवावा, डब्याला तूप-मैदा लावून ठेवावा, आणि मगच ओले साहित्य कोरड्यात ओतावे.

‘क्रीम’ या क्रियापदाला मराठीत अगदी नेमका शब्द आहे, आणि नानकटाई करणाऱ्या प्रत्येक घरात तो ठाऊक आहे : तूप-साखर फेसणे. साखरेच्या कणांनी लोण्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडले जातात, केक फुगतो तो पुढे त्यांच्याच आधाराने. बीटरने तीन ते पाच मिनिटे फेसल्यावर रंग फिकट होतो, आकार वाढतो, तिथे थांबायचे. यासाठी लोणी १८ ते २० अंश सेल्सियसचे लागते, म्हणजे बोटाने दाबल्यास खड्डा पडावा, पण ते वितळू लागलेले नसावे. मूळ कृतीतले ‘रूम टेंपरेचर’ थंड देशातले असते. त्याचे ‘खोलीच्या तापमानाचे लोणी’ केले की नागपुरात मे महिन्यात लोण्याचे तेल होते, आणि तेलात हवा कोंडली जात नाही. लोणी फ्रिजमधून काढून थोडा वेळच बाहेर ठेवा, असे सरळ लिहावे.

‘व्हिप’साठी ‘क्रीम घुसळा’ असेही छापले जाते. घुसळून तर लोणी निघते! थंड क्रीम जास्त फेसले की ते खरोखरच फुटते आणि लोण्याचे कण वेगळे होतात, त्यामुळे हा शब्द वाचकाला थेट त्याच वाटेवर नेतो. इथेही ‘फेसा’च हवे, आणि बीटर उचलल्यावर मऊ टोक उभे राहिले की थांबा, हेही. शिवाय २५ टक्के स्निग्धांशाचे साधे फ्रेश क्रीम फेसून घट्ट होत नाही. त्याला किमान ३० टक्के लागतात. एवढी ओळ नसल्याने कित्येक पाकिटे वाया जातात.

‘फोल्ड’ला एकच प्रतिशब्द नाही, तिथे कृतीच लिहावी लागते. अंड्याचा फेसलेला पांढरा भाग तीन हप्त्यांत घालायचा. पहिला हप्ता मिश्रण सैल करण्यासाठी, तो थोडा जोरात ढवळला तरी बिघडत नाही. पुढच्या दोन हप्त्यांना मात्र चपटा रबरी उलथना मधोमध उभा तळापर्यंत न्यायचा, कडेने वर आणून तळाचे मिश्रण वरच्या मिश्रणावर उलटायचे आणि भांडे पाव फेरी फिरवायचे. पांढऱ्या रेघा दिसेनाशा होईपर्यंत एवढेच करायचे. बीटर किंवा रवी इथे चालत नाही. कोंडलेली हवा निसटते आणि केक तळाशी घट्ट राहतो.

‘रब इन’ म्हणजे मोहन चोळणे नव्हे, हेही सांगायला हवे. शंकरपाळ्यांना कडकडीत मोहन घालून पीठ चोळतो, मुठीत धरून मुटका वळला की झाले. त्याने पदार्थ खुसखुशीत होतो. पायच्या पारीला पापुद्रे हवे असतात. २५० ग्रॅम मैद्यात १२५ ग्रॅम फ्रिजमधले घट्ट लोणी बोटांच्या टोकांनीच चुरायचे, तळहाताची ऊब लागू द्यायची नाही, आणि डाळीएवढे कण शिल्लक ठेवायचे. मग तीन-चार मोठे चमचे बर्फाचे पाणी घालून नुसता गोळा बांधायचा, मळायचा नाही. हे कण ओव्हनमध्ये वितळतात, वाफ होते आणि थर सुटतात. ‘लोणी मैद्यात नीट मिसळा’ वाचून केलेली पारी टणक होते.

   

पुरवणीच्या संपादकांना विनंती अशी, की प्रत्येक क्रियापदापुढे ‘कुठपर्यंत’ ते छापावे : रंग फिकट होईपर्यंत, कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंत, रेघा जाईपर्यंत. एका ओळीचीच जागा लागेल. ज्यांनी जुनी कात्रणे जपून ठेवली आहेत त्यांनी तूर्त एवढे करावे : फेसलेले अंडे किंवा क्रीम घातल्यावर जिथे ‘मिसळा’ आहे तिथे उलथन्याने हलक्या हाताने खालून वर उलटावे, आणि मैदा घातल्यावर जिथे ‘एकजीव करा’ आहे तिथे पीठ दिसेनासे होताच हात काढून घ्यावा.

— बेकरी व्यवसायातील एक वाचक, सांगली