ओटीपी सांगू नका म्हणता, मग मागता कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी कुणालाही फोन लावला की आधी सायबर फसवणुकीची सूचना ऐकावी लागायची. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. सल्ला योग्यच होता. पण आमच्या खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या खेड्यांत ओटीपी सांगितल्याशिवाय सरकारी काम होते कुठे? उत्पन्नाचा दाखला असो, पेन्शन असो की गृहलक्ष्मी या कर्नाटक सरकारच्या महिलांसाठीच्या योजनेचा अर्ज, सेवा केंद्रातला मुलगा संगणकावरची नजर न काढता म्हणतो, "ओटीपी आलाय बघा, सांगा." 2024 मध्ये शेताच्या उताऱ्याला आधार जोडण्याची मोहीम निघाली, तेव्हा तलाठी गावोगाव फिरले. त्यांनाही लोकांनी मुकाट्याने ओटीपी सांगितले, अंगठे दिले. तलाठ्यांचा यात दोष नाही, त्यांना कामच तसे नेमून दिले होते. पण सरकारी माणसाला आकडा सांगायची सवय लागलेला शेतकरी उद्या "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याला नाही कसा म्हणेल?

त्यात तो मेसेज येतो इंग्रजीत, फार तर कन्नडमध्ये. हा आकडा कशासाठी आहे, किती रुपये जाणार आहेत, हे त्यात बहुतेक वेळा लिहिलेले असते. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आजीला त्यातले फक्त आकडे वाचता येतात, म्हणून ती फोन शेजारच्या पोराच्या नाहीतर केंद्रवाल्याच्या हातात देते. तिची सुरक्षितता त्या माणसाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून. कणकुंबी-जांबोटीकडे आणखी वेगळीच तऱ्हा. आधारला नंबर मुलाचा, मुलगा कामाला गोव्यात. ओटीपी तिकडे जातो, तो फोनवरून आईला सांगतो, आई केंद्रवाल्याला. गुप्त राहायचा तो आकडा भर गर्दीत मोठ्याने ओरडून सांगितला जातो, कारण रेंजही धड नसते.

(हे पत्र सीमाप्रश्नावर नाही, हे आधीच सांगून टाकतो. इंग्रजी मेसेज शेजारच्या कन्नड आजीलाही वाचता येत नाही.)

अंगठ्याचे प्रकरण तर ओटीपीहून अवघड आहे. आधारवरून पैसे काढताना पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा पुरतो. गृहलक्ष्मीचे दोन हजार काढायला बाया बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीकडे जातात. "सर्व्हर डाऊन आहे, परत अंगठा लावा" असे तो म्हणाला की परत लावतात. पहिला व्यवहार खरोखर फसला होता का, हे पावती मागितली तरच कळते आणि पावती मागणारी बाई विरळा. 2023 मध्ये मंगळुरूकडून तर अशा तक्रारी आल्या की दस्तनोंदणीच्या कागदांवरचे अंगठ्याचे ठसे वापरून लोकांच्या खात्यातून पैसे काढले गेले. म्हणजे शेत विकताना दिलेला अंगठा पुढे खाते रिकामे करायला कामी येऊ शकतो. आधारचे बायोमेट्रिक लॉक करा, असा सल्ला शहरातले जाणकार देतात. सोय मोफत आहे, खरे आहे. पण अंगठा लॉक केला की रेशन दुकानातल्या मशीनवरही तो चालत नाही. धान्याच्या दिवशी उघडा, मग पुन्हा बंद करा, हे आधारच्या मोबाइल ॲपवर खेड्यातली म्हातारी कशी करणार?

पैसे गेल्यावर काय, हे त्याहून महत्त्वाचे. रिझर्व्ह बँकेच्या 2017 सालच्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने कळवले, तर नुकसान त्याच्या माथी येत नाही. चौथ्या दिवसापासून जबाबदारीचा काही वाटा त्याच्यावर येऊ लागतो. पण हे तीन दिवस सुरू होतात ते न वाचता येणाऱ्या मेसेजपासून! पासबुक भरायला बाजाराच्या दिवशी गेल्यावर रक्कम कमी दिसते, तोवर मुदत उलटलेली असते.

सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदतक्रमांकाचेही तसेच. तिथे लवकर कळवले तर पैसे पुढच्या खात्यातच अडवता येतात. उशीर झाला की ते दहा खात्यांतून फिरून काढले जातात. घाबरलेल्या माणसाला त्या घडीला आपल्या भाषेत चार वाक्ये बोलता आली पाहिजेत. आधारच्या 1947 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, कन्नडमधूनही येते. मग बेळगाव जिल्ह्यातून 1930 ला लागलेल्या फोनवर मराठी येणारा एक माणूस बसवणे एवढे अवघड आहे का? 2025 मध्ये 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून फोनवरच 'अटक' करण्याच्या धाकाने आमच्याच तालुक्यातल्या एका वृद्ध दाम्पत्याचा जीव गेला. असा कुठलाही अटकेचा प्रकार कायद्यात नाही, हे त्यांना वेळेत कुणी सांगायला हवे होते.

ज्या भागात भाषिक अल्पसंख्य 15 टक्क्यांच्या वर असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व राज्य पुनर्रचनेच्या काळापासून मान्य आहे. त्यात आता मोबाइलवरचे मेसेज आणि सेवासिंधूसारख्या पोर्टलवरचे अर्ज धरावेत. केंद्रात ओटीपी तोंडी विचारणे बंद करून अर्जदाराने स्वतः आकडे दाबावेत असा छोटा कीपॅड टेबलावर ठेवावा. दुकानात कार्डाचा पिन आपण असाच दाबतो. अंगठ्याच्या प्रत्येक व्यवहाराची छापील पावती, फसलेल्या व्यवहाराचीसुद्धा, न मागता मिळावी. आणि पंचायत विकास अधिकाऱ्यांनी (पीडीओ) पंचायतीच्या भिंतीवर 1930 हा आकडा कन्नड आणि मराठीत रंगवून घ्यावा. त्याला कुठल्या निविदेची गरज नाही, एक रंगारी पुरे.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन भरते, तेव्हा मोर्चे, उपोषणे, बंदोबस्त यांच्याच बातम्या होतात. आमच्या भागातल्या आमदारांनी, ते कुठल्याही पक्षाचे असोत, महसूल आणि गृहमंत्र्यांना निदान एवढा एक प्रश्न विचारावा: सरकारी केंद्रात नागरिकाचा ओटीपी तोंडी विचारण्याची पद्धत कधी बंद होणार? उत्तर आले तर आपण ते छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव