रात्रीच्या प्रवासाबद्दल, चिरंजीवास

आरमोरी तालुका, जिल्हा गडचिरोली
मार्गशीर्ष

चिरंजीव बाळास अनेक आशीर्वाद.

सोमवारी मी फोन केला तेव्हा तू अंघोळीला गेला होतास आणि तुमच्या गाण्याच्या गटात गिटार वाजवणाऱ्या मुलीने फोन उचलला. ती मोठ्या कौतुकाने सांगत होती की शनिवारी नागपूरचा कार्यक्रम आटोपून निघाल्यावर मेहकरच्या आसपास ड्रायव्हरदादांचे डोळे मिटायला लागले, तेव्हा तू त्यांना मागच्या सीटवर झोपवलेस, स्वतः गाडी हातात घेतलीस आणि सकाळी सर्वांना मुंबईत स्टुडिओच्या दारात उतरवलेस. त्या पोरीच्या बोलण्यात तुझ्याविषयी इतका आदर होता की मला तिला काही म्हणता आले नाही. थोड्या वेळाने तुझा फोन आला तेव्हा मी धानाचे आणि मोठेबाबांच्या गुडघ्याचेच बोलत राहिले, कारण दुसरे काही काढले असते तर माझा आवाज चढला असता. म्हणून लिहायला बसले आहे. रात्री गाडी चालवण्याचा विषय या पत्रात एकदाच काढायचा आणि बाकी घरचे कळवायचे, असे मी ठरवले आहे.

घरचे ठीक आहे. हलके धान निघाले, जड धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे मात्र अजून शेतातच आहेत. खरेदी केंद्रावर आपला नंबर लागायचा आहे आणि आभाळ आले की तुझे बाबा ताडपत्री घेऊन धावतात. मोठेबाबांनी शेवटी नागपूरला दाखवायचे कबूल केले आहे. ताईचे तुला माहीतच आहे, त्यावर मी काही लिहीत नाही. पावसाळ्यात ओल धरून बाबांच्या नाटकातल्या ऑर्गनचे दोन सूर चिकटले होते. बाबांनी तो मागे सांदवाडीत, परसात काढला, चांगले ऊन दिले आणि दोन्ही सूर स्वतःच मोकळे केले. वाजवला मात्र नाही.

शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी सुरू आहे आणि चौथीच्या मुलींनी तुमच्या गाण्यावर नाच बसवला आहे. त्यांना कोणी सांगितले नव्हते, त्यांनी ते गाणे स्वतः मोबाइलवर शोधून आणले. मी वर्गाच्या दाराशी उभी राहून सराव पाहिला. गाणारा आपल्या बाईंचा मुलगा आहे हे मुख्याध्यापकांनी त्यांना नंतर सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले की तुमचा मुलगा रोज काय करतो. मी तिला सांगितले की तो गातो. खरे म्हणजे तुझ्या दिवसाचा थोडाच भाग गाण्याचा असतो, हे आता मला कळले आहे, पण ते त्या लेकराला कसे सांगणार?

नागपूरच्या कार्यक्रमाला आम्ही दुपारीच पोहोचलो होतो, तू म्हणाला होतास संध्याकाळी या, तरीही. त्यामुळे सगळे पाहायला मिळाले. रिकाम्या मैदानावर उन्हात तुम्ही पाचही जण आवाजाची तपासणी करत होता. एकच ओळ म्हणायची, थांबायचे, साउंडवाल्याकडे पाहायचे, पुन्हा म्हणायची. ढोलकीचा माइक बदलण्यात बराच वेळ गेला. मग तासन्‌तास नुसते थांबणे, कोणाच्या तरी मोबाइलसमोर हसून बोलणे, प्रायोजकांच्या माणसांबरोबर फोटो, आणि थंड झालेला डब्यातला भात. रात्री तू मंचावर आलास तेव्हा समोरच्या पोरांनी जो गलका केला तो ऐकून तुझ्या बाबांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यांनी चारचौघांत कधी माझा हात धरला नव्हता. दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला तू की-बोर्डवर सुरांची जी जागा घेतलीस ती त्यांची आहे, भैरवीतली, आणि ती तू चोरली आहेस असे ते परतताना सारखे म्हणत होते. इतके खूश मी त्यांना, आपल्या जिल्ह्यातल्या नाट्यकलावंत परशुराम खुण्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली त्यानंतर, प्रथमच पाहिले. त्यांची एक तक्रार मात्र आहे. तू पट्टी फार उंच घेतोस, काळी पाचमध्ये रोज गाणे गळ्याला झेपणार नाही, आणि झोप नसलेल्या गळ्याला तर मुळीच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

झोपेचा विषय आला म्हणून लिहिते. दहाच्या ठोक्याला तुमचे ध्वनिक्षेपक बंद झाले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ते बंदच ठेवावे लागतात, हे बरे आहे, आणि मला वाटले की आता तुम्ही जेवाल आणि झोपाल. पण पाहणाऱ्यांसाठी संपलेला कार्यक्रम तुमच्यासाठी कुठे संपतो? वायरी गुंडाळणे, पेट्या भरणे, त्या गाडीत चढवणे, हिशेबाचे बोलणे. त्या पेट्या चढवायला ड्रायव्हरदादाही होते, मी पाहिले. दुपारी मैदानावर सामान उतरवणाराही तोच माणूस होता. म्हणजे जो माणूस सकाळपासून उभा आहे, त्याच्याच हाती तुम्ही मध्यरात्री स्टिअरिंग देता, आणि त्याचे डोळे मिटले की ते स्टिअरिंग ज्याच्याकडे जाते तो तू, दोन तास मंचावर उड्या मारून आलेला. त्या पोरीला यात तुझा मोठेपणा दिसला, आणि तो आहेही. माझा जीव मात्र तिथेच अडकला आहे.

तुझ्या बाबांच्या काळात आम्ही हे वेगळ्या तऱ्हेने पाहिले. आपल्या पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीतले नाटक रात्री उशिरा सुरू व्हायचे आणि उजाडेपर्यंत चालायचे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत बाबा घरी पाहुण्यासारखे यायचे. लोकांना वाटते की रात्रभर जागणे हीच त्या कलावंतांची मोठी तपश्चर्या. पण त्या जागरणाला एक शिस्त होती. नाटक ज्या गावात असेल त्या गावात पहाटे कोणाच्या तरी ओसरीवर, गुरुजींच्या घरी, शाळेच्या खोलीत सगळे आडवे व्हायचे आणि दुपारपर्यंत त्यांना कोणी उठवत नसे. पाटलांच्या घरचे लोकही पायांचा आवाज न करता वावरत. पुढचे गाव चाळीस-पन्नास किलोमीटरवर असायचे आणि तिथे जायला अख्खी दुपार हातात असायची. वडशाच्या नाटक कंपन्या तारखा घेताना गावे अशी लावत की मेटॅडोरला फार लांब जावे लागू नये. तुम्ही गाता त्याच्या चौपट वेळ ते लोक गात होते, तरी त्यांची झोप ठरलेली होती. तुमचे गाणे दहाला थांबते आणि तुमच्या झोपेला जागाच नाही, कारण ज्याने शनिवारी नागपूरचा कार्यक्रम घेतला त्यानेच रविवारी सकाळी अकराला मुंबईत रेकॉर्डिंग ठेवले. तुमचे वेळापत्रक कोण लावतो ते मला ठाऊक नाही; तो चांगला मुलगा असेल. पण त्याने नकाशा पाहिला तो अंतर मोजायला. त्या अंतरात माणसाला डोळा लागतो हे त्याने मोजलेले नाही.

तू ज्या रस्त्याने गेलास तो नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. नागपूर ते शिर्डीचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि मामाने आम्हाला त्याच रस्त्याने शिर्डीला नेले होते, तेव्हाच मला तो रस्ता आवडला नव्हता. ना गाव, ना वळण, ना रस्त्यात आडवी येणारी गुरे-ढोरे, ज्यामुळे चालवणाऱ्याला मान हलवावी लागेल. मामा दिवसाउजेडी म्हणाला की डोळ्यांवर झापड येते. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटून पेटली आणि त्यात पंचवीस माणसे गेली. मेहकरच्या पुढे तू जो पट्टा ओलांडलास तो हाच. तुला हे ठाऊक आहे, तरीही मी लिहिते आहे, कारण एकदाच लिहायचे ठरवूनही मला ते जमत नाही.

आता दुसरे. रेकॉर्डिंगचे मला फारसे कळत नव्हते, पण दिवाळीनंतर तू आम्हाला स्टुडिओत बसवलेस त्यामुळे काही तरी समजले. तुम्ही पाचही जण एकत्र बसून गाल अशी बाबांची कल्पना होती. तिथे पाहिले तर ढोलकी आधल्या दिवशीच झालेली, गिटार सकाळी, आणि तू एकटा काचेच्या खोलीत, कानांवर हेडफोन, त्यात टिकटिक लावलेली, तीच चार शब्दांची ओळ पुन्हा पुन्हा. बाहेर बसलेला मुलगा दर वेळी म्हणायचा, छान, पण आणखी एक. संध्याकाळी तुझा चेहरा पाहून बाबा म्हणाले की रात्रभर नाटक परवडले. एवढे बारीक काम जागरणाने लाल झालेल्या डोळ्यांनी कसे होणार? त्या रविवारी तू किती टेक दिलेस आणि त्यातला कोणता ठेवला, ते मला विचारायचे होते. रात्रभर गाडी चालवून गायलेली ओळ लोक पुढे कित्येक वर्षे ऐकणार आहेत.

करार सही करण्यापूर्वी वाचायचा आहे हेही लक्षात ठेव. ब्रह्मपुरीच्या मामाने मला समजावून सांगितले आहे. गाण्याचे हक्क लिहून देताना कोणते काम, कोणते हक्क, किती मुदतीसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी हे कागदावर असले पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीत लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा कोणी लिहून घेऊ म्हटले तरी घेता येत नाही, तो फक्त तुझ्या वारसांना किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीला देता येतो. चाली तू लावतोस, तर तुझे नाव इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या अशाच संस्थेत नोंदवले आहेस का? नसेल तर या महिन्यात नोंदव. कोणी घाई करत असेल तर त्या घाईचे कारण विचार. प्रवासातही हेच. कोण घाई करतो आहे आणि कशासाठी, हे विचारायला तुम्ही मुले का लाजता? मंच तुमच्यामुळे उभा राहतो.

रागावू नकोस. वर्गात बोलायची सवय आहे, ती पत्रातही उतरते, त्याबद्दल क्षमा कर. तू तेवीस वर्षांचा आहेस, आपल्या पायांवर उभा आहेस, बाबांच्या औषधांचे पैसे न मागता पाठवतोस, आणि आमच्याहून जास्त जग पाहिले आहेस. आजोबा खंजेरी घेऊन राष्ट्रसंतांची भजने म्हणत तालुकाभर फिरले, बाबा ऑर्गन घेऊन चार जिल्हे फिरले, आणि तुझा आवाज कुठे कुठे पोहोचला याचा हिशेब मला लावता येत नाही. आजोबा असते तर त्यांनी पहिल्यांदा तुला पहाटे उठतोस का हे विचारले असते.

बाबांच्या नाटकातल्या तबलावाल्या काकांबद्दल मी लिहिणार नव्हते. तू लहान होतास, ओसरीवर झोपला होतास, आणि मी मेटॅडोरच्या आवाजाची वाट पाहत दाराशी बसले होते, कारण त्या वेळी लाखांदूरहून निघायला त्यांना उशीर झाला होता आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी लग्नात वाजवायचे असल्यामुळे मुक्काम न करता रात्रीच परतायचे ठरले होते. एवढ्या हंगामांत मुक्काम टाळण्याची ती एकच रात्र. बाबा अजूनही त्याबद्दल बोलत नाहीत, आणि ऑर्गन उन्हात ठेवतात पण वाजवत नाहीत याचे कारण तुला कोणी सांगितले नसेल तरी तुला कळत असावे. काकू अजून संक्रांतीला तुझ्यासाठी वेगळे तिळगूळ काढून ठेवतात. त्या मुलीने सोमवारी फोनवर तुझे कौतुक केले तेव्हा मला काकूंचे अंगण दिसले. यापुढे मला लिहिता येत नाही.

तुम्हाला करता येण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातले काहीच अवघड नाही. वाहनचालकाने दिवसाला आठ तासांहून जास्त काम करू नये असे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच होते. तुमच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असतील तर दोघेही आळीपाळीने झोपतील आणि तुलाही झोपता येईल. दुसऱ्या ड्रायव्हरचे पैसे आयोजकाकडून मानधनातच मागून घ्या, नाही म्हणाला तर आपल्या वाट्यातून काढा, कमी पडले तर मला कळव. नागपूरचा कार्यक्रम असेल तेव्हा सामान गाडीने जाऊ द्या आणि तुम्ही रेल्वेने जा. दुरांतो आहे, सेवाग्राम आहे, आपल्या गोंदियाहून येणारी विदर्भ एक्सप्रेस आहे. तेही शक्य नसेल तर नागपूरला मुक्काम करा, किंवा सरळ इथे या. पाच माणसांना अंथरुणे घरात आहेत, काकूंकडून आणखी दोन येतील. लाखोरीच्या डाळीचे वरण आणि नवीन तांदळाचा भात खाऊन दुपारपर्यंत झोपा, कोणी उठवणार नाही. आणि गाडी तू चालवायची नाहीस, कोणाचे डोळे मिटोत वा न मिटोत. डोळे मिटले तर गाडी पेट्रोल पंपावर लावा आणि सगळेच झोपा. अकराचे रेकॉर्डिंग तीनला होईल. स्टुडिओवाला ओरडला तर माझा नंबर दे.

नवीन तांदळाचा कट्टा मामाबरोबर नागपूरला पाठवते आहे, मुंबईला नेण्याची सोय तू कर. गिटारवाल्या मुलीला माझा आशीर्वाद सांग. ती बोलली म्हणून मला कळले, तिच्यावर चिडू नकोस. जानेवारीच्या तारखा आल्या असतील. मला त्यांचे पूर्ण वेळापत्रक पाठव आणि प्रत्येक तारखेसमोर मुक्काम कुठे आहे व गाडीवर कोणते दोन ड्रायव्हर आहेत, ते नावानिशी लिही. बाबा तो कागद ऑर्गनवर चिकटवणार आहेत.

तुझी,
आई