कॅटवूमनच्या पोशाखाची शिलाई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅटवूमनच्या पडद्यावरील निरनिराळ्या अवतारांची तुलना करणारा लेख प्रसिद्ध झाला होता. कॉमिक्सच्या पानांतून आलेल्या एका चोर बाईवर मराठी वृत्तपत्राने पूर्ण पान द्यावे याचा मला आनंद झाला, कारण इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर वाढलेल्या आमच्या पिढीला अशा पात्रांचे वावडे नाही. परंतु लेखकाने नट्यांची क्रमवारी लावताना ‘तो काळा पोशाख कोणाला अधिक शोभला’ ही एकच कसोटी वापरली आहे आणि माझा आक्षेप त्या कसोटीला आहे. मी परभणीत तीस वर्षे मुलींना शिवण व कर्तन शिकवले. पोशाख शोभतो की नाही हा प्रश्न आमच्या वर्गात सगळ्यात शेवटी येत असे. कापड कोणते, ते बेतले कोणी, टीप कोणी घातली आणि ते अंगावर घालून त्या बाईला कोणते काम करायचे आहे, हे आधी विचारले जाई. याच प्रश्नांनी या भूमिका तपासल्या तर लेखातली क्रमवारी बरीचशी उलटते असे मला वाटते.

हे पात्र १९४० साली ‘बॅटमॅन’ कॉमिकच्या पहिल्याच अंकात आले. बिल फिंगर आणि बॉब केन यांनी ते घडवले. तेव्हा तिचे नाव नुसते ‘द कॅट’ होते आणि मांजराचा पोशाख तिला नव्हताच. ती जहाजावर एका म्हातारीच्या वेशात वावरते आणि चोरलेला हार पायाला बांधलेल्या पट्टीत लपवते. म्हणजे कापड हे तिचे हत्यार पहिल्या दिवसापासून आहे. मात्र तिला पकडणारा बॅटमॅन तिला ओळखतो तो तिच्या तरुण पायांवरून, आणि पुढची ऐंशी वर्षे तिच्याकडे पाहणाऱ्यांची नजर तिथेच अडकून राहिली याचे मला वाईट वाटते. अमेरिकेत १९५४ मध्ये कॉमिक्ससाठी नीतिनियमांची संहिता आल्यावर ही बाई अंकांतून नाहीशी झाली ती थेट १९६६ मध्ये परतली.

त्याच वर्षीच्या ‘बॅटमॅन’ चित्रपटात कॅटवूमन म्हणून ली मेरिवेदर होती, तर त्या काळच्या दूरचित्रवाणी मालिकेत आधी ज्युली न्यूमार आणि नंतर अर्था किट. तो सगळा मामला रंगीबेरंगी, लहान मुलांसाठीचा आणि मजेचा होता. तिथला चकचकीत काळा पोशाख तिच्याकडे कुठून आला हे कोणी विचारत नाही. तो कपाटात तयारच असतो. तरीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ज्युली न्यूमारने मिळालेल्या पोशाखात स्वतः फेरफार केला आणि पट्टा कमरेवरून खाली नितंबांवर आणला. तो पोशाख आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. नटीने आपल्या भूमिकेचा कपडा आपल्या हाताने बदलावा, हे मला तिच्या सगळ्या संवादांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

आता १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’कडे येते, कारण आपल्या लेखाने मिशेल फायफरला दुसऱ्या क्रमांकावर ठेवून ‘मादक’ या एका शब्दात निकालात काढले आहे. टिम बर्टनच्या या चित्रपटात सेलिना काइल, म्हणजे फायफरने साकारलेली पुढची कॅटवूमन, ही एका धनाढ्य व्यापाऱ्याची सचिव आहे. त्याचे गुपित तिच्या हाती लागते म्हणून तो तिला उंच इमारतीच्या खिडकीतून ढकलून देतो. बर्फात पडलेल्या तिच्याभोवती मांजरे जमतात, ती उठते आणि घरी येते. घर गुलाबी रंगाचे आहे, बाहुल्यांचे आहे, एकट्या बाईचे आहे. दूरध्वनीच्या यंत्रावर एका अत्तराची जाहिरात वाजते आणि हे अत्तर लावले की साहेब कसा खूश होईल ते तिला सांगते. त्या क्षणी ती फुटते. भिंतीवर काळा रंग फवारते, बाहुलीघर मोडते, आणि मग कपाटातून काळा चकचकीत रेनकोट काढून कात्री लावते.

मागच्या दिवाळीत अकरावीत शिकणारी माझी नात संभाजीनगरहून आली होती आणि आम्ही दोघींनी हा चित्रपट एकत्र पाहिला. सेलिना शिवणयंत्रावर बसली तेव्हा नातीने चित्र थांबवले आणि म्हणाली, ‘आजी, हिचे टाके बघ ना, केवढे मोठे!’ खरोखरच मोठे आहेत. काळ्या अंगावर पांढरे, वेडेवाकडे, उघडे टाके. आमच्याकडे बायका जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात तेव्हा जाड दोऱ्याचा धावदोरा असाच वर दिसतो, आणि तो लपवावा असे कोणालाच वाटत नाही. एरवी चांगल्या शिलाईचे लक्षण म्हणजे टीप दिसू नये. सेलिनाची टीप दिसते, कारण तिला ती कोणापासून लपवायची नाही.

दुसरी गोष्ट शिवणकाम करणाऱ्यालाच कळेल. सुती कापड उसवले तर सुईची भोके धुण्यात बुजतात आणि तेच कापड पुन्हा शिवता येते. रेनकोटच्या कापडाचे, रेक्झिनचे तसे नसते. त्यावर सुई एकदा गेली की भोक कायमचे राहते, आणि चुकीची टीप उसवून पुन्हा घातली तर दोन भोकांच्या मधून कापड फाटत जाते. शिवाय यंत्राचा दाब, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, त्या कापडाला चिकटतो. मुलींना दप्तरे शिवायला शिकवताना मी त्याखाली पातळ कागद ठेवायला लावत असे, नाहीतर टाके एकाच जागी साचत. रेक्झिनवर कच्ची शिलाई घालून पाहण्याची सोय नसते. बेतायचे ते एकदाच. सेलिनाने आपल्या नव्या जन्मासाठी नेमके असे कापड घेतले आहे. आणि दिग्दर्शक ते पुढे विसरला नाही, ही त्याची खरी कमाई होय. चित्रपट पुढे सरकतो तसतसा पोशाख जोडांवरून उसवत जातो, मारामारीगणिक फाटतो, आणि शेवटी फाटक्या मुखवट्यातून तिचे केस बाहेर आलेले असतात. बॅटमॅन तिला आपल्या घरी चल म्हणतो तेव्हा ती त्याच्या गालावर ओरखडा काढते आणि सांगते की मग माझे माझ्याशीच जमणार नाही. तिथे तिला नवा पोशाख कोणी देऊ शकत नव्हते. फायफरच्या डोळ्यांत त्या वेळी जे दिसते त्याला मादकपणा म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

हॅली बेरीच्या २००४ मधल्या ‘कॅटवूमन’बद्दल लेखात बरीच टिंगल आहे. ती मला रुचली नाही. त्या चित्रपटाची कथा वाईट नव्हती. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत काम करणाऱ्या मुलीला कळते की नवे मलम बायकांच्या चेहऱ्याची वाट लावते, आणि त्यासाठी तिला मारले जाते. आपल्याकडे गोरेपणाच्या मलमांचे काय चालते हे पाहता ही कथा आपल्या मुलींनाही जवळची वाटली असती. पण ज्या चित्रपटाला बायकांच्या रूपाचा व्यापार दाखवायचा होता, त्याने आपल्याच नायिकेच्या अंगावर चिंध्या केलेली चामड्याची विजार आणि पट्टेच पट्टे चढवले. त्या फाटण्यामागे कथेत पटण्याजोगे कारण नाही. ते कापड बघणाऱ्यासाठी फाडलेले आहे, घालणारीसाठी नाही. ऑस्करची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरलेली ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. वाईट अभिनयाचा रॅझी पुरस्कार घ्यायला ती २००५ मध्ये स्वतः गेली आणि एका हातात ऑस्कर घेऊन उभी राहिली. त्या धैर्याचा उल्लेख लेखात हवा होता.

लेखात पहिला क्रमांक अ‍ॅन हॅथवेला आहे आणि त्याचे कारण ‘देखणेपणा’ असे दिले आहे. क्रिस्टोफर नोलनच्या २०१२ मधल्या ‘द डार्क नाइट राइजेस’मध्ये ती पहिल्यांदा दिसते ती वाड्यातल्या मोलकरणीच्या काळ्या झग्यात आणि पांढऱ्या एप्रनमध्ये. तिजोरीतला मोत्यांचा हार तिच्या गळ्यात आहे, पण तिच्याकडे कोणी पाहिलेलेच नाही, कारण मोठ्या घरात मोलकरणीचा चेहरा कोणी पाहत नाही, गणवेश पाहतात. हे दृश्य लिहिणाऱ्याला काम करणाऱ्या बायांचे जग माहीत आहे. पुढे तिचा काळा पोशाखही कामाचाच आहे. मांजराचे कान म्हणून जे दिसतात ते कपाळावर सरकवलेले चष्मे आहेत. संपूर्ण चित्रपटात तिला कोणी कॅटवूमन म्हणत नाही. तिला हवे आहे ते आपल्या गुन्ह्यांची जुनी नोंद पुसून टाकणारे एक साधन, म्हणजे नव्याने कामाला लागता येईल. हॅथवेचे काम मला आवडते. पण चित्रपट तिला अखेरीस नायकासोबत फ्लॉरेन्सच्या उपाहारगृहात नेऊन बसवतो आणि तिच्या त्या नोंदीचा प्रश्न हातातून निसटतो.

झोई क्रॅविट्झला लेखाने शेवटचा क्रमांक दिला आहे, ‘पोशाखात दम नाही’ म्हणून. मॅट रीव्ह्जच्या २०२२ मधल्या ‘द बॅटमॅन’मध्ये ती गुंडांच्या क्लबात काम करते. तिची पहिली चोरी दागिन्यांची नाही. ती महापौराच्या घरात शिरते ती आपल्या अ‍ॅनिका नावाच्या मैत्रिणीचा पासपोर्ट तिजोरीतून काढण्यासाठी. डोक्यावर विणलेली साधी काळी टोपी चेहऱ्यावर ओढलेली, आणि तिची वरची दोन टोके तेवढी कानांसारखी उभी. अशी टोपी थंडीत आपल्या बसस्थानकावर कोणाच्याही डोक्यावर दिसते. ज्या मुलीला पगारात भागवायचे आहे, खोलीत भटकी मांजरे आणि एक घाबरलेली मैत्रीण सांभाळायची आहे, ती याहून वेगळा मुखवटा कुठून आणणार? दम नाही असे ज्याला म्हटले तेच त्या पोशाखाचे खरेपण आहे. एक गोष्ट मात्र मला खटकली. ती घरी कपडे बदलत असताना बॅटमॅन दुर्बिणीतून पाहतो आणि कॅमेराही त्याच्यासोबत पाहतो. १९४० च्या अंकातली नजर इथे अजून शाबूत आहे.

मला विचाराल तर फायफर पहिली, क्रॅविट्झ दुसरी आणि हॅथवे तिसरी. जुन्या लुगड्याचा फाटका भाग कापून त्याला दंड घालणाऱ्या, म्हणजे उरलेले तुकडे जोडणाऱ्या बाईला कापडाचा चांगला भाग कोणता हे जसे बोटांना कळते, तसे या तिघींच्या कपड्यांवरून त्यांचे आयुष्य कळते.

एक विनंती. आपल्या पानावर छायाचित्रांखाली नट्यांची आणि दिग्दर्शकांची नावे होती, पण ज्यांनी हे पोशाख बेतले त्यांतल्या एकाचेही नाव नव्हते. १९९२ च्या चित्रपटाचे पोशाख बॉब रिंगवुड आणि मेरी व्होग्ट यांचे, २०१२ चे लिंडी हेमिंग यांचे आणि २०२२ च्या चित्रपटातले जॅकलिन ड्युरन यांचे आहेत. पुढच्या रविवारी एका ओळीची पुरवणी म्हणून ही नावे छापावीत.

आपली नियमित वाचक,
निवृत्त शिवण-कर्तन शिक्षिका,
परभणी