गंगेचा गडू रामेश्वरला पोचवा

कोलोन, 2 ऑक्टोबर 2025

ती. बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

आज दसरा. इथे आपट्याचं पान कुठलं मिळायला! देवापुढे दिवा लावला आणि कामावर गेले. पण दिवस सीमोल्लंघनाचा आहे, म्हणून मनातलं आजच लिहिते. फोनवर विषय काढला की बाबा "तू आलीस की बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात.

बाबा, देवघरातला गंगेचा गडू रामेश्वरला पोचवा. माझ्यासाठी थांबू नका.

आजीने सेतूची वाळू पदरात बांधून घेतली, ते 2012 चं वर्ष. ती वाळू प्रयागला संगमात सोडायची, काशीहून गंगा आणायची आणि ती पुन्हा रामेश्वराच्या पिंडीवर घालायची, तेव्हा कुठे यात्रा पुरी, असं तिने मला बर्थवर मांडी घालून समजावलं होतं. पुढे वाळू सोडून झाली, गडू आला, मावंदंही झालं. राहिला तो शेवटचा फेरा. आजी गेली. 2022 मध्ये तुम्ही रेल्वेचा पास काढायचं ठरवलंत आणि डिसेंबरात रामेश्वरच्या वाटेवरच्या, समुद्रातल्या पांबनच्या पुलावरून गाड्याच बंद झाल्या. आई म्हणाली, रस्त्याचा पूल आहे की, मोटारीने जाऊ. तुम्ही म्हणालात, "जन्म रेल्वेत काढला, समुद्र गाडीनेच ओलांडणार."

आता काय अडलंय? या एप्रिलमध्ये नवा पूल सुरू झाला. आपण गेलो तो 1914 चा होता, त्याचा मधला भाग दोन बाजूंना कमानीसारखा उघडायचा. नव्याचा 72.5 मीटरचा आख्खा गाळा लिफ्टसारखा सरळ वर जातो आणि खालून जहाज निघतं. तुम्ही तो बघायलाच हवा.

जुना पूल मला अजून जसाच्या तसा आठवतो. गाडी पायी चालल्यासारखी चालली होती. खिडकीतून खाली बघितलं तर रूळ नाही, खडी नाही, नुसतं हिरवं पाणी. आजीने डोळे मिटून जप धरला होता. तुम्ही मात्र घड्याळ बघून वहीत पूल लागल्याची वेळ टिपत होतात! वाडी, रायचूर, गुंटकल, सगळ्या वेळा त्या वहीत आहेत.

मला देश कळला तो तुमच्यामुळे. सुट्टी लागली की लोक मामाच्या गावाला जायचे, आपण स्टेशनवर. पास नसला तरी रविवारी एसटीने नळदुर्गला नाहीतर विजापूरला. सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडलला तुम्ही तो 1018 सालचा मराठी शिलालेख दाखवलात, "वाचेल तो विजयी होईल" असा अर्थ सांगितलात आणि मला एकेक अक्षर बोटाने गिरवायला लावलंत. इथल्या मैत्रिणींना मी ते अभिमानाने सांगते.

रोज कामावर जाताना माझी गाडी ऱ्हाइन नदीचा पूल ओलांडते, समोर कॅथेड्रलचे दोन उंच मनोरे. आई, कृष्णा आली की तू माझ्या मुठीत रुपया द्यायचीस ना, तसा हात अजूनही पर्सकडे जातो. पण इथल्या डब्याची खिडकी उघडत नाही. तू दिलेला रुपया तसाच आहे.

निघायचं कधी, तेही सांगते. डिसेंबरात नको, तिकडे वादळाचे दिवस असतात. रामेश्वरजवळचं धनुष्कोडी 1964 च्या डिसेंबरातच वाहून गेलं. संक्रांतीची सोलापूरची गड्डा यात्रा होऊ दे, तिच्यातले नंदीध्वज बघा आणि जानेवारीअखेर निघा. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं, म्हणजे नोव्हेंबरअखेर तयार राहा. चेन्नईला गाडी बदला, पण मधे एक रात्र विसावा घ्या. आईच्या गुडघ्यांना सलग प्रवास सोसायचा नाही. बावीस तीर्थांचं स्नान तिने करावं, पण ओल्या फरशीवर तुमचा हात सोडू नये. बरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी घ्याच.

गडूच्या झाकणाचा जोड एकदा तपासा. तो सामानात टाकू नका, मांडीवर धरा, आजीने धरला असता तसा.

आणि पूल लागला की मला फोन लावा. इथे पहाट असली तरी चालेल. काही बोलू नका, फोन नुसता खिडकीशी धरा.

तुमची,
मनू