भत्ता मंजूर, पण पैसे कार्डात अडकलेले

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची सोलापूरची, गेली बरीच वर्षं अमेरिकेत आहे आणि आपला पेपर रोज सकाळी मोबाईलवर वाचते. पत्र लिहायचं कारण असं की आपल्याकडे एक वाक्य सारखं कानावर येतं, पेपरातल्या लेखात पण आणि आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर विचारूच नका, "तिकडचं बरंय बाबा, नोकरी गेली तरी सरकार घरबसल्या पैसे देतं." देतं, नाही असं नाही. पण किती देतं, कुणाला देतं आणि मुख्य म्हणजे ते हातात कसं पडतं हे कुणी लिहीत नाही. ह्यातला शेवटचा भाग मी स्वतः भोगलाय आणि आता आमच्या इथल्या मराठी मंडळात कुणाची नोकरी गेली की फॉर्म भरून द्यायला मलाच फोन येतो, म्हणून म्हटलं लिहावंच.

आधी किती आणि कुणाला ते उरकते. हा बेकार भत्ता आपल्याकडे दिल्लीतून योजना चालतात तसा एका जागेवरून वाटला जात नाही, प्रत्येक राज्याचं खातं वेगळं, नियम वेगळे. फ्लोरिडात आठवड्याला जास्तीत जास्त २७५ डॉलर आणि बेरोजगारी कमी असेल तेव्हा १२च आठवडे, कॅलिफोर्नियात जास्तीत जास्त ४५० डॉलर आणि २६ आठवडे, आणि हा ४५० चा आकडा २००५ पासून जागचा हललेला नाही, घरभाडी मात्र कुठल्या कुठे गेली. ही खिरापत पण नाही बरं का, मालक लोक कामगारांच्या पगारामागे टॅक्स भरतात त्यातनं हे पैसे येतात. आणि आपली एच वन बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेली पुण्या-मुंबईची पोरं, ज्यांच्या नोकऱ्या गेल्याच्या बातम्या तुम्ही छापता, त्यांना बहुतेक ठिकाणी हा भत्ता मिळतच नाही, त्यांनी ६० दिवसांत दुसरी कंपनी शोधायची नाहीतर गाशा गुंडाळायचा. मिळतो तो मुख्यतः ग्रीन कार्डवाल्यांना आणि सिटिझन लोकांना, त्यात हॉटेलात, स्टोअरमध्ये, डे केअरमध्ये तासावर राबणारे आमच्यासारखे पण आले, ज्यांच्याबद्दल कुणी लेख लिहीत नाही.

आता कार्डाचं. इथे बऱ्याच राज्यांनी चेक पाठवायचं हळूहळू कमी केलं आणि भत्ता प्रीपेड कार्डावर टाकायला लागले. राज्य एका बँकेशी करार करतं, बँक तुमच्या नावाचं कार्ड पोस्टाने पाठवते, दर आठवड्याला त्यावर पैसे पडतात. कागदावर छान वाटतं. सरकारचा छपाईचा, टपालाचा खर्च वाचतो, ज्याचं बँकेत खातं नाही त्याची पण सोय होते. पण ते कार्ड तुमचं असून तुमचं नसतं, कारण तुम्ही त्या बँकेचे कस्टमर म्हणून दारात गेलेलेच नसता, तुम्हाला तिथे कुणी ओळखत नाही, आणि गडबड झाली की कुठे जायचं हेच कळत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये मी जिथे कामाला होते ते हॉटेल बंद झालं. भत्ता मंजूर झाला, कार्ड आलं, काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस दुकानात दूध, अंडी, तांदळाची पिशवी असं सगळं पट्ट्यावर ठेवलं आणि कार्ड चालेना. कॅशियर मुलगी बिचारी चांगली होती, तिने पुसून परत घासून बघितलं, मागे मास्क लावलेली माणसं सहा-सहा फुटांवर उभी, सगळ्यांच्या माना माझ्याकडे. शेवटी तिने एकेक वस्तू बाजूला काढून ठेवली. घरी येऊन ॲप उघडलं तर शिल्लक बरोब्बर दिसतेय, एक डॉलर कमी नाही. स्वीट मार्टच्या काचेतल्या पेढ्यासारखी, बघा पण हात लावू नका.

बँकेला फोन केला तर म्हणे तुमच्या खात्यावर होल्ड आहे, तो आम्ही काढू शकत नाही, राज्याच्या खात्याशी बोला. राज्याच्या खात्याचा फोन लागणं म्हणजे लॉटरीच, लागला तर म्हणे आमच्याकडून पैसे कधीच गेलेत, तुमचा क्लेम, म्हणजे भत्त्याचा अर्ज, क्लिअर आहे, बँकेशी बोला. दोघंही गोड बोलत होते आणि दोघांचंही आपापल्या जागी बरोबरच होतं, हा खरा वैताग. मधल्या मधे माझं भाडं थकलं. आणि गंमत म्हणजे दर आठवड्याला ऑनलाईन उत्तरं द्यायची ती चुकवून चालत नाही, काम करायला तब्येत ठीक आहे का, काम आलं तर घ्याल का, ह्या आठवड्यात कुठे काही कमावलं का. न चुकता भरत होते, पैसे न चुकता जमा होत होते आणि न चुकता अडकत होते.

शेवटी कारण निघालं नावाचं. हे आपल्या मराठी बायकांनी नीट वाचा, कारण आमच्या मंडळात पण हाच घोळ सारखा येतो. आपलं नाव म्हणजे स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. पासपोर्टवर एक, सोशल सिक्युरिटी कार्डावर (इथलं आधारसारखं नंबरचं कार्ड) मधलं नाव गायब, मालकाच्या पगारपत्रकात नुसता इनिशियल, आणि बँकेच्या कार्डात नावाला जागा जेमतेम २६ अक्षरांची, त्यात आडनाव अर्धवट कापलेलं. शिवाय लग्नात पहिलंच नाव बदललं असेल तर मग बोलायलाच नको. कॉम्प्युटरला ह्या चार वेगळ्या बायका वाटतात. ओळख पटवायला कागद मागितले, तेही फॅक्सने. करोनात, लायब्ररी बंद, कॉपीची दुकानं बंद, फॅक्स करायचा कुठून? आमच्या ओळखीतल्या एका टॅक्सवाल्या काकांच्या ऑफिसात मशीन होतं म्हणून झालं. राज्याचं आणि बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, माझ्या एकटीच्या भांडणासाठी हे पत्र नाही.

कारण बाहेर सगळीकडे ह्याहून मोठा घोळ चालू होता. कॅलिफोर्नियाचं तर सगळं सरकारदरबारी नोंदलेलं आहे. तिथे भत्त्याचं कार्ड बँक ऑफ अमेरिकाचं होतं, आणि आपल्याकडे गावातल्या एटीएम कार्डाला पण चिप आली तरी तिथल्या ह्या कार्डाला २०२० मध्ये चिप नव्हती, नुसती काळी पट्टी. चोरांनी पट्ट्या कॉपी केल्या, लोकांचे पैसे उडाले. दुसरीकडे खोटे क्लेम पण प्रचंड, तुरुंगातल्या कैद्यांच्या नावाने सुद्धा, राज्याच्या स्वतःच्या अंदाजाने २० अब्ज डॉलरच्या आसपास. मग घाबरून २०२० च्या शेवटाला सुमारे साडेतीन लाख खाती एका फटक्यात गोठवली, त्यात चोर किती आणि माझ्यासारखे किती हे मशीनला काय कळणार. ज्यांचे पैसे खरोखर चोरीला गेले त्यांनी तक्रार केली तर माणसाने चौकशी करायच्या ऐवजी बँकेने कॉम्प्युटरचा एक फ्रॉड फिल्टर लावलेला होता, तो फिल्टर तक्रार करणाऱ्यालाच संशयित ठरवून खातं बंद करायचा. जुलै २०२२ मध्ये इथल्या दोन केंद्रीय संस्थांनी ह्या प्रकरणात बँकेला मिळून २२ कोटी ५० लाख डॉलर दंड केला आणि लोकांचं नुकसान भरून द्यायला सांगितलं. चोरी होत होती म्हणून तपासणी हवीच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्याच्या घरात दुसरा पैसा नाही त्याचं खातं आधी बंद करायचं आणि चौकशी दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी करायची, ही कुठली पद्धत?

आणि कार्ड आलेलंच कळलं नाही असे पण कितीतरी. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने करोनाच्या मदतीचे पैसे जवळजवळ ४० लाख लोकांना प्रीपेड कार्डावर पाठवले, साध्या पांढऱ्या पाकिटात, सरकारचं नाव ठळक नाही, पाठवणारी कंपनी कधी ऐकलेली नाही. इथे टपालपेटीत क्रेडिट कार्डाच्या जाहिराती पोत्याने येतात. लोकांनी जाहिरात समजून फाडून फेकली, मग सरकारला पत्रकं काढावी लागली की बाबांनो ते पाकीट खरं आहे.

छोटे छोटे चटके वेगळेच. पेट्रोल पंपावर कार्ड घातलं की तुम्ही वीस डॉलरचं पेट्रोल घ्या, पंप आधी शंभर-सव्वाशे डॉलर अडवून ठेवतो आणि ते मोकळं व्हायला कधी कधी दोन-तीन दिवस. ज्याच्या खात्यात पगार येतो त्याला हे जाणवत पण नाही, ज्याच्या कार्डावर आठवड्याचे दोनशेच आहेत त्याचा किराणा त्यात अडकतो. मी आता सगळ्यांना सांगते, पंपावर कार्ड घालू नका, आत जाऊन काउंटरवर वीस डॉलर म्हणून सांगा. दुसऱ्या बँकेच्या एटीएमला गेलात की फी. घरमालक कार्ड घेत नाही, त्याला चेक पाहिजे, मग कार्डावरचे पैसे काढून स्वतःच्या खात्यात भरा आणि मग चेक लिहा, असं उलटसुलट.

कायदा इथला वाईट नाही, फक्त तो फोनवर कुणी आपणहून सांगत नाही. कार्ड हरवल्याचं कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर कुणी पैसे काढले तरी तुमचं नुकसान ५० डॉलरच्या वर जात नाही. चुकीचा व्यवहार दिसला आणि तक्रार केली की बँकेने साधारण १० कामकाजाच्या दिवसांत छडा लावायचा, जास्त वेळ पाहिजे असेल तर तोवर ते पैसे तात्पुरते परत टाकायचे. हे सरकारी भत्त्याच्या कार्डाला पण लागू आहे. आणि अमुक एकाच बँकेत खातं उघड तरच भत्ता देऊ अशी सक्ती सरकारला करता येत नाही, दुसरा पर्याय द्यावा लागतो. तरी कॅलिफोर्नियात थेट आपल्या बँक खात्यात पैसे घ्यायची सोय यायला २०२४ साल उजाडलं! त्याच वर्षी कार्डाची बँक पण बदलली. म्हणून मंडळात कुणाचा फोन आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं, फॉर्ममध्ये डायरेक्ट डिपॉझिटचा चौकोन असेल तर तोच निवडा, आणि नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच्या तसं, स्पेलिंगसकट.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं सोलापूरच्या वाचकाला कशाला. तर माझा भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता, पगारातनं ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विम्याची वर्गणी, कापली जायची, आता पाऊण टक्का कामगाराचा आणि सव्वातीन टक्के मालकाचा असा हिशोब आहे. ईएसआय म्हणजे दवाखाना एवढंच त्याला माहीत. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणून २०१८ साली चालू झालेली योजना आहे, नोकरी गेली तर जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता, आधी सरासरी पगाराच्या २५ टक्के होता, करोनात ५० टक्के केला, हे त्याला मी अमेरिकेतून फोनवर सांगितलं, म्हणजे बघा. ह्यात एक गोष्ट मला इथल्यापेक्षा चांगली वाटली, पैसे थेट कामगाराच्या स्वतःच्या बँक खात्यात येतात, मधे कुठल्या कंपनीचं कार्ड नाही. ती तशीच राहू द्या. कुणी कंपनी येऊन सरकारला सांगेल की आम्ही सगळ्या योजनांचं एकच चकचकीत कार्ड काढतो, तेव्हा भुलू नका.

पण थेट खात्यात म्हणजे सगळं आलबेल असं पण नाही हे आपल्याला माहीत आहेच. बँका एकत्र झाल्या, देना बँक २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली, आयएफएससी कोड बदलले, फॉर्मवर जुनाच कोड की पैसे गेले परत. आधार जोडलेलं खातं कुठलं हे माणसालाच ठाऊक नसतं. २०१७ मध्ये लाखो लोकांची गॅसची सबसिडी त्यांना न विचारता उघडलेल्या एअरटेल पेमेंट्स बँकेच्या खात्यात जात होती, त्या प्रकरणात आधारवाल्यांनी त्या कंपनीचं ई-केवायसीचं, म्हणजे आधारवरून ओळख पटवून घ्यायचं, लायसन्स थांबवलं होतं, आठवत असेल. रोजगार हमीवर आता आधारनेच मजुरी येते आणि नाव जुळलं नाही की अडकते, म्हणजे शेवटी माझ्या फॅक्ससारखंच. तिकडे सरकार म्हणतं पाठवले, इकडे बँक म्हणते आले नाहीत.

तेव्हा माझी आपल्याला विनंती आहे की योजनेची बातमी छापताना रक्कम आणि मुदत छापता तशी अजून एक ओळ छापत जा, पैसे कुठे येणार आणि नाही आले तर कुठल्या ऑफिसात, कुठल्या टेबलाशी जायचं. आणि आपल्या बातमीदाराने चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभं राहून विचारावं, अटल बीमित योजना माहीत आहे का. किती जण हो म्हणतात ते मला वाचायचंय.

कळावे,
आपली नियमित वाचक
(मूळची सोलापूरची, सध्या अमेरिका)